बोटीसकट

"हा 'संपादित' शब्द आला कुठून?" संपादकांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं.

वेबवाला त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने आधी प्रूफताईंकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"प्रतिक्रियेत कुणी काही बदललं, की तो आपोआप येतो सर. नव्या सिस्टिममध्ये आहे तसं."

"म्हणजे लिहिणाऱ्याने नंतर बदललं तर?"

"त्याला नाही बदलता येत. फक्त आपल्याला."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

वेबवाला पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

"मला," प्रूफताई म्हणाल्या.

पडद्यावर घरपट्टीवाढीची बातमी होती आणि तिच्याखाली 'करदाता' या नावाने आलेली प्रतिक्रिया. 'आमच्या कराच्या पैशावर यांची पोरं शिकणार आणि आम्ही कोरड्या नळाकडे बघत बसायचं. जिथून आले तिथे पाठवा, नाहीतर बोटीसकट बुडवा.' खाली बारीक राखाडी अक्षरांत तो एक शब्द: संपादित. आदल्या दुपारपासून ती तिथे होती. सकाळी कुणीतरी तिचा फोटो काढून गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरवला होता आणि वर लिहिलं होतं, 'दैनिकाने हे वाचलं, सुधारलं आणि छापलं.'

"काय बदललंत तुम्ही?"

"तीन ठिकाणी दुरुस्ती होती. 'जिथून'मधला थू ऱ्हस्व होता, तो दीर्घ केला. 'नाहीतर'मधली ही तशीच. आणि 'बोटी' लिहून पुढे जागा सोडून 'सकट' होतं, ते जोडलं."

"जोडलंत."

"शब्दयोगी अव्यय आहे. तोडून लिहीत नाहीत."

संपादक वयाने त्यांच्याहून बरेच लहान होते आणि त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आताही चढवला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रूफताई, ते वाक्य वाचलंत का तुम्ही?"

"वाचल्याशिवाय दुरुस्त कसं करणार?"

वेबवाल्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

प्रूफताई जागेवर येऊन बसल्या. बातमी पडद्यावर होतीच, प्रतिक्रिया आता काढून टाकली होती. तिच्यावर आलेल्या प्रतिक्रिया मात्र रांगेत उभ्या होत्या. त्यांचा निकाल लावणं हेच त्यांचं काम होतं.

पूर्वी या मजल्यावर मुद्रितशोधनाचा विभाग होता. लांबलचक टेबल, वर लोंबणारे दिवे, चार माणसं. पुढे बातमीदार थेट संगणकावर लिहू लागले, चुकलेल्या शब्दाखाली यंत्रच लाल रेघ ओढू लागलं. तिघे घरी गेले. प्रूफताईंना काढायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून त्यांना 'आपलं म्हणणं' दिलं. स्थानिक बातम्यांखाली वाचक जे लिहितात, ते आधी त्यांच्याकडे यायचं. शेजारी दोन बटणं: ठेवा आणि काढा. तिसरं पेन्सिलचं चित्र. कुणी स्वतःचा फोन नंबर लिहिला, कुणाच्या घराचा पत्ता दिला, तर तेवढा खोडण्यासाठी ते होतं. त्या पेन्सिलीने प्रूफताई शुद्धलेखन सुधारत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मनाईही केली नव्हती. नवी यंत्रणा आल्यापासून गावातल्या निम्म्या प्रतिक्रियांखाली 'संपादित' लागत होतं, पण राखाडी अक्षरांकडे कोण बघतं?

विषय कुठलाही असो, तिसऱ्या-चौथ्या प्रतिक्रियेत कर यायचा आणि थोडं पुढे गेलं की बोटवाले. बागेतलं स्वच्छतागृह बंद, गटाराचं झाकण फुटलं, शाळेची घंटा चोरीला गेली, शेवटी गाडी तिथेच. हरवलेल्या कुत्र्याच्या बातमीखालीही कुणीतरी विचारलं होतं, की कुत्रं त्या वस्तीत शोधलं का. 'सत्यवादी', 'जागरूक नागरिक', 'तुमचाच शेजारी' ही रोजची मंडळी होती. 'शांतताप्रिय' नावाचा एकजण सगळ्यांत घाण शिव्या द्यायचा.

बोटवाले म्हणजे ज्यांच्या आजा-पणजांना बंदराचा बांध घालायला बोटींनी आणलं, ते. बांध झाला, बोटी गेल्या, माणसं राहिली. गावापेक्षा रंगाने गडद. त्यांच्या नातवंडांनी बोटीत पाय ठेवलेला नव्हता. ती गावाच्याच शाळांत शिकली, गावाचीच भाषा बोलली, गावासारखाच कर भरू लागली. शब्द तेवढा राहिला.

सुरुवातीला हे वाचून प्रूफताईंचं डोकं दुखायचं. उजवी पापणी फडफडायची. घरी जाताना वाक्यं सोबत यायची, जेवताना ताटात यायची. मग त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबांचं बोलणं आठवलं. ते खिळ्यांच्या छपाईच्या काळातले. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, अक्षरं वाच, वाक्य वाचू नकोस. अर्थामध्ये शिरलीस की चूक सुटली. त्यांनी तसं वाचायला सुरुवात केली. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, जोडून, तोडून. डोकं दुखायचं थांबलं. पापणी थांबली. हात बसला, असं त्यांना वाटलं.

'करदाता'ची ओळ आली तेव्हा त्यांनी तीन चुका पाहिल्या, तीन दुरुस्त केल्या आणि बोट 'ठेवा'वर गेलं. अशी ओळ एरवी त्या काढत. ही का ठेवली, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. संपादकांनी विचारलं असतं तरी देता आलं नसतं. पण संपादक विचारणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. वहिनी विचारणार होत्या.

---

वहिनी बोटवाल्यांपैकी होत्या.

प्रूफताईंचा थोरला भाऊ बंदरावर क्रेन चालवायचा. त्याने लग्न ठरवलं तेव्हा आईने अन्न सोडलं, मामाने येणं सोडलं. नोंदणीच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही करायला घरातून एकट्या प्रूफताई गेल्या होत्या. सही वाकडी आली. घाबरून नव्हे. निघताना आई जे बोलली होती, त्याचा राग होता. तेव्हा त्यांना राग यायचा.

नव्या नवरीने त्यांना हाक मारली, "वन्सं!" आणि स्वतःच हसली. जुन्या बायकांचा शब्द, कुठून उचलला कोण जाणे. थट्टेत सुरू झाला तो चिकटला. भाऊ गेला, आई त्याआधीच गेली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नणंद-भावजय उरल्या. वहिनी पालिकेच्या दवाखान्यात एक्स-रे काढत. दवाखान्याच्या आवारात त्यांना राहायला जागा मिळत होती, त्यांनी ती कधी मागितली नाही. "तिकडे गेले तर वन्संना झोपेतून कोण उठवणार?" असं त्या लोकांना सांगत. खरं तर पहाटे प्रूफताईच त्यांना उठवत.

वहिनी वर्तमानपत्र वाचत, खालच्या प्रतिक्रिया वाचत नसत. "तुम्ही वाचताय ना," त्या म्हणायच्या, "मग घरात एकीने वाचलं की झालं."

---

दुपारी 'करदाता' स्वतः अवतरला.

'माझं वाक्य मी असं लिहिलं नव्हतं. माझ्या लेखनाशी दैनिकाने छेडछाड केली आहे. मूळ मजकूर वेगळा होता.'

एकही चूक नव्हती. कुणाकडून तरी तपासून घेतलं असावं. प्रूफताईंनी 'ठेवा' दाबलं. संपादकांची सूचना होती, की या विषयावर दैनिकाच्या विरोधात येईल ते सगळं ठेवायचं, एकही काढायचं नाही.

मग गावाचं ठरलं. बिचाऱ्या करदात्याने काहीतरी साधंसुधं लिहिलं असणार, बुडवायचं त्या दैनिकातल्या बाईने घातलं. 'सत्यवादी'ने लिहिलं, ती बाई त्यांच्यातलीच असणार, आपल्याला बदनाम करायला मुद्दाम केलं. 'जागरूक नागरिक' म्हणाला, उलट आहे, ती आपल्यातली आहे आणि शाब्बास तिची. कुणी विचारलं, सरकारी जाहिराती मिळतात ना यांना, म्हणजे हिचा पगार आपल्याच करातून. 'शांतताप्रिय'ने तिच्या वयाबद्दल आणि लग्नाबद्दल काही अंदाज बांधले. प्रूफताई एकेक ओळ ठेवत गेल्या. पेन्सिलीला हात लावायचा नाही, अशी दुसरी सूचना होती. 'बाइ', 'पगार घेती', 'हीला'. हात दोनदा पेन्सिलीकडे गेला आणि परत आला.

वेबवाला चहा घेऊन आला. "प्रूफताई, एवढं कशाला बघत बसलाय? मी ठेवतो सगळे एकदम, एका बटणात होतं."

"नको. काम आहे ते."

"मूळ मजकूर सिस्टिममध्ये राहत नाही. नाहीतर दाखवला असता आपण. एवढं एक केलं नाही त्या कंपनीने."

"मूळ मजकूर हाच होता."

"मला माहितेय हो," तो म्हणाला, आणि कप ठेवून लगेच निघून गेला. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी संपादकांनी बोलावलं. दिलगिरीचा मजकूर तयार होता. 'तांत्रिक त्रुटीमुळे एक आक्षेपार्ह प्रतिक्रिया काहि काळ प्रसिद्ध झाली. वाचकांच्या भावना दुखावल्याबद्दल दैनिक दिलगीर आहे.'

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," ते म्हणाले. "घरी कुणी विचारलं तरी हेच सांगा. सिस्टिम नवी होती, घोटाळा झाला. खोटंही नाही अगदी. बघा एकदा."

त्यांनी पाहिलं. 'काहि'ची ही दीर्घ केली.

"अजून एक चूक आहे."

"कुठे?"

"तांत्रिक नव्हती."

"ती राहू द्या," ते म्हणाले.

---

दुसऱ्या दिवशी दवाखान्याजवळच्या पाण्याच्या टाकीवर निळ्या ऑइलपेंटने एकच शब्द लिहिलेला होता. बोटीसकट. पुढे नाही, मागे नाही. तेवढ्यानेच गावाला कळत होतं.

प्रूफताई पायी कामावर जायच्या, टाकी वाटेतच. त्या थांबल्या. शब्द जोडलेला होता. या गावात 'सकट' कुणी जोडत नाही. दुकानांवर 'बिला सकट', भाड्याच्या खोल्यांवर 'पाण्या सकट', सगळीकडे मध्ये जागा. रंगवणाऱ्याने हा कुठून पाहून काढला, ते स्पष्ट होतं. रंग ओला होता. 'ट'चा पाय लांब ओघळला होता.

आता काहीतरी वाटेल, म्हणून त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांत काही येईल, निदान पापणी फडफडेल. टाकीच्या पायथ्याशी दोन माणसं पाइपाला गळती शोधत होती. त्यांतला एक म्हणाला, "बाई, जरा बाजूला. पाणी उडेल." त्या बाजूला झाल्या. रोजच्या वेळेला कामावर पोहोचल्या.

---

त्या संध्याकाळी वहिनी आधी घरी आल्या होत्या. दवाखान्याचा पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर होता. त्या खाटेवर बसून पायाची बोटं दाबत होत्या.

"वन्सं, आज एक म्हातारे आले होते. पडले होते घसरून. म्हणाले, तुम्ही नको, दुसऱ्या कुणाला बोलवा. हात लावू नका."

"मग?"

"मग म्हटलं, आजोबा, फोटो कुणीही काढला तरी काळा-पांढराच येतो."

प्रूफताई हसल्या. वहिनीही हसल्या. नेहमीसारखंच हसणं होतं, फक्त लवकर संपलं.

"काढला?"

"काढला ना. मनगट मोडलं होतं. वेदनेपुढे कसलं काय? नंतर पाणी मागितलं माझ्याकडेच." वहिनींनी पाय खाली सोडले. "टाकीवरचं पाहिलंत?"

"पाहिलं."

"दवाखान्यात सगळे म्हणतात, ते वाक्य तुमच्या पेपरातल्या बाईने लिहिलं. आमची नर्स मला म्हणाली, तुमच्या नणंदबाई तिथेच ना, विचारा की त्यांना कोण बाई ती."

प्रूफताईंच्या तोंडात संपादकांचं वाक्य तयार होतं. नवी सिस्टिम होती, घोटाळा झाला. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली. पट्टा सरळ केला.

"नवीन सिस्टिम..." त्या म्हणाल्या.

"वन्सं, सकट जोडलंय."

प्रूफताईंनी पट्टा पुन्हा सरळ केला.

"माझी खात्याची परीक्षा होती, तेव्हा हे इथेच बसून तुम्ही शिकवलंत मला. साठी, मुळे, सकट. शेजारी उभे करायचे नाहीत, हात धरून चालवायचे. दोनदा नापास झाले होते मी. तुमच्यामुळे पास झाले. 'मुळे' पण जोडून." वहिनींचा आवाज शांत होता. "टाकी बघितल्या बघितल्या कळलं मला. अख्ख्या गावात दोनच बायका जोडतात. एक मी. मी काही लिहायला गेले नव्हते."

"मी लिहिलं नाही, वहिनी."

"ते माहितेय. तुम्ही कशाला लिहाल? मूळ काय होतं?"

"तेच होतं. 'जिथुन' ऱ्हस्व, 'नाहितर' ऱ्हस्व आणि 'बोटी सकट' तोडून."

"बुडवा?"

"बुडवा बरोबर लिहिलं होतं."

खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होत नव्हती. दोघींनी ती सुरू होईपर्यंत वाट पाहिली.

"वाचताना काय वाटलं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

हाच प्रश्न येणार होता. कालपासून प्रूफताई त्याचं उत्तर शोधत होत्या. दमले होते, असं सांगता आलं असतं. घाई होती. चष्मा बदलायला झालाय. पापणीचं सांगता आलं असतं, आधी कसं डोकं दुखायचं ते सांगता आलं असतं. त्यातलं काही खोटं नव्हतं आणि त्यातलं काही उत्तर नव्हतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तीन चुका आहेत, असं वाटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी आठवले नाही? हे आठवले नाहीत?"

"नाही."

वहिनींनी मान हलवली. डॉक्टर काही सांगतात तेव्हा पेशंट हलवतो, तशी. कळलं म्हणून, पटलं म्हणून नाही.

"तुम्हाला राग आला असता आणि तरी सोडलं असतंत, नोकरी जाईल म्हणून म्हणा, कशाला म्हणा, तर मी भांडले असते तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "चांगली कडाकडा भांडले असते. आपण त्या गॅसवरून भांडलो होतो, तशी. दोन दिवसांनी बोललोही असतो. पण याच्याशी कसं भांडायचं, सांगा बघू."

"मी राजीनामा देते उद्या. नको मला ते काम."

"देऊ नका. दुसरं कुणी बसवतील. ते तर जोडणारही नाही." वहिनी उठल्या, कोट उचलून खांद्यावर टाकला. "दिवसभर बघतात हो लोक मला. रिक्षात बघतात, दुकानात बघतात, दवाखान्यात तर मी कोट घातला असला तरी बघतात. घरी आल्यावर वाटायचं, इथे एक माणूस आहे, त्याच्यासमोर मला काही वाटून घ्यायला नको. माझ्या वाटचं त्याला वाटतंय." त्या दाराशी थांबल्या. "जेवण गरम करू का?"

"मी करते."

"बसा. तुम्ही दमलाय."

दोघी जेवल्या. वहिनींनी दवाखान्यातल्या नव्या यंत्राची गोष्ट सांगितली, प्रूफताईंनी ऐकली. भांडी नेहमीसारखी प्रूफताईंनी घासली.

---

जागेचा अर्ज वहिनींनी कधी दिला, ते प्रूफताईंना कळलं नाही. मंजूर झाल्यावर वहिनींनी सांगितलं. एक खोली, मोरी आतच, खिडकीतून दवाखान्याची भिंत दिसते.

"कामाच्या जवळ पडेल," वहिनी म्हणाल्या.

"हो. पाय दुखायचे थांबतील."

"तुम्ही या अधूनमधून."

"येईन ना."

रविवारी टेम्पो आला. ड्रायव्हरने वर बघून मजले मोजले आणि कमरेचा पट्टा दाखवला. "मी गाडी चालवतो बाई, ओझं उचलत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?" वहिनींनी विचारलं. "फोटो मीच काढला असेल तुमचा."

तरी तो वर आला नाही. पिशव्या, गादी, खुर्ची दोघींनी उतरवली. शेवटी कपाट राहिलं. दोन दारांचं, सागवानी, भावाने लग्नानंतर पहिल्या पगारवाढीतून केलेलं. ते वहिनींचं होतं, यावर कुणी काही बोललं नाही. रिकामं केलं तरी जड होतं. वहिनी पुढे, प्रूफताई मागे.

"टेका जरा."

"टेकलं."

"डावीकडे घ्या. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"कठड्याला लागतंय."

"लागू दे. उचला."

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त हिशेबनीस राहायचे. त्यांचं दार बोटभर उघडलं, कपाट पाहिलं, माणसं पाहिली आणि बंद झालं. ते 'तुमचाच शेजारी' असतील का, असं प्रूफताईंच्या मनात आलं. आलं आणि गेलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र दार सताड उघडलं.

"अगं बाई, कपाट कुठे निघालं?"

"फिरायला," वहिनी म्हणाल्या. "घरात बसून कंटाळलं."

काकू हसल्या. मग दोघींचे चेहरे पाहून थांबल्या आणि पायपुसणं उचलून कपाटाला वाट करून दिली.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर कपाट अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. खाली वहिनी दिसत नव्हत्या, फक्त त्यांची बोटं दिसत होती, फळीच्या कडेला पांढरी पडलेली.

"वन्सं, सोडू नका हं."

"नाही सोडत."

"मी एक-दोन-तीन म्हणते. तीनला तिरकं करायचं."

तीनला तिरकं केलं. भिंतीचा पोपडा निघाला, कपाट सुटलं. खाली दोघी बराच वेळ दम खात उभ्या होत्या. वहिनींनी प्रूफताईंच्या बाहीला लागलेला चुना झटकला, दोनदा, नीट.

ड्रायव्हरने दोरी आवळली. वहिनी पुढे त्याच्या शेजारी बसल्या, मांडीवर भावाचा फ्रेममधला फोटो, तोंड आत करून.

"ताई, तुम्हीपण चढा की," ड्रायव्हर म्हणाला. "तिघं मावतात पुढे."

वहिनी समोरच्या काचेतून बघत होत्या. त्या सरकल्या नाहीत. नको, असंही म्हणाल्या नाहीत.

"नाही," प्रूफताई म्हणाल्या. "मी खालपर्यंतच."

गल्ली अरुंद होती, टेम्पो वळणार नव्हता. मागे मागे घेतच मोठ्या रस्त्याला लावावा लागणार होता आणि कपाटामुळे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"बघा हो ताई, जरा मागे कुणी आहे का."

प्रूफताई टेम्पोच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. डावीकडे स्कूटर होती, उजवीकडे विजेचा खांब. त्यांनी हात वर केला.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. टेम्पो हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागला. त्या एकेक पाऊल मागे सरकत गेल्या. "येऊ द्या. थोडं उजवीकडे. येऊ द्या, येऊ द्या."

मोठा रस्ता लागेपर्यंत त्या तसंच म्हणत राहिल्या.